शाळा, घर आणि त्यापलीकडचं शिक्षण: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना नेहमीच्या शाळेपेक्षा वेगळं काही मिळावं असं वाटणाऱ्या पालकांची संख्या वाढते आहे आणि त्यांचे प्रश्नही बरेचसे सारखेच असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. नियम आणि कागदपत्रांची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

पर्यायी शिक्षण म्हणजे मुलाला शाळेतून काढून घरी शिकवणं का?

तो त्यातला एक छोटा भाग आहे, पण चर्चा त्याचीच जास्त होते. बाकीचं बरंच काही शाळेतच घडतं. कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याची अक्षरनंदन, सेवाग्रामचं आनंद निकेतन या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथे वर्ग आहेत, शिक्षक आहेत, मुलं दहावीच्या वाटेने पुढेही जातात. वेगळेपण आहे ते मुलांशी बोलण्याच्या पद्धतीत, हाताने करायच्या कामाला दिलेल्या जागेत आणि परीक्षेकडे बघण्याच्या नजरेत. तिसरा प्रकार मुक्त विद्यालयांचा: मूल कुठेही शिको, परीक्षा मान्यताप्राप्त मंडळाची द्यायची. चौथा प्रकार सगळ्यांना जमण्याजोगा आहे. शाळा चालू ठेवायची आणि तिच्या बाहेरचा वेळ शिकवण्यांनी भरून न टाकता मुलाच्या हाती द्यायचा.

हे सगळं परदेशातून आलेलं, शहरातल्या सुखवस्तू लोकांचं खूळ आहे ना?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते. महाराष्ट्रात वेगळ्या शिक्षणाचा विचार मांडला गेला तो मुळात शिक्षणाबाहेर ठेवलेल्या मुलांसाठी.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात होतीच. पण काय शिकवावं हेही त्यांनी सांगितलं होतं: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, असंही त्यांनी लिहिलं. अभ्यासक्रम मुलांच्या जगण्याला धरून असावा, हे आज नवं म्हणून सांगितलं जातं. ते या निवेदनात स्पष्ट आहे.

ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं. पुढे १९४५ मध्ये डहाणू भागात बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. खेड्यातली, पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि हे नाव देशभर गेलं. त्याच्या कितीतरी आधी हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हललं होतं. तिथली वारली मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जायची, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. शाळेची वेळ, जागा आणि भिंती मुलाच्या आयुष्याप्रमाणे बदलल्या. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या कामापुढे आजचे पुष्कळ ‘लवचिक’ अभ्यासक्रम मला भित्रे वाटतात.

गांधीजींच्या नई तालीमची मांडणी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत झाली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, म्हणजे सुताच्या टकळीतून गणित, भूगोल, समाजशास्त्र उलगडत जावं, अशी ती कल्पना. ती फार टिकली नाही, आणि त्याचं एक कारण आज आठवायला हवं. साहेबाच्या, सावकाराच्या मुलाला इंग्रजी आणि माझ्या मुलाला टकळी का, असा गावातल्या माणसाचा सवाल होता. तो रास्त होता. हाताचं काम फक्त गरिबांच्या मुलांना शिकवलं तर ते शिक्षण राहत नाही, वर्गवारी होते. ते सगळ्यांना शिकवायला हवं.

पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव सतत ऐकतो. तिथे नेमकं काय चालतं?

पाबळ हे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातलं कमी पावसाचं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. लहान मूल बोलायला, चालायला, वस्तू हाताळायला शिकतं ते करून बघत. शाळेत गेल्यावर ही रीत थांबते, ती थांबू नये, एवढा त्यांचा साधा आग्रह होता.

कामाचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. एकच व्यवसाय निवडून त्यात तरबेज व्हायचं असं तिथे नाही. मुलगा असो वा मुलगी, चारही विभागांत काम करायचं. वेल्डिंग येतं, घराचं वायरिंग येतं, ठिबक जोडता येतं, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब येतो, रक्तगट तपासता येतो, पदार्थ टिकवता येतात. आश्रमात वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे. शिवाय आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये आठवड्याचा एक दिवस असं काम करण्याची योजना आहे आणि राज्य मंडळाने ती विषय म्हणून स्वीकारली. शाळेतली ही कामं खरी असतात. फाटक दुरुस्त करायचं, बाक जोडायचं, गावातल्या कुणाची ऑर्डर घ्यायची आणि तिचे पैसे लावायचे.

हे ‘कार्यानुभव’च्या तासापेक्षा वेगळं कसं, असं पालक विचारतात. एक साधं स्टूल घ्या. पंचवीस बाय पंचवीस बाय तीनचा लोखंडी अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो. पंचेचाळीस सेंटिमीटरचे चार पाय झाले १.८ मीटर. वर आणि खाली तीस सेंटिमीटरच्या चौकटी झाल्या २.४ मीटर. एकूण ४.२ मीटर, म्हणजे ४.६२ किलो लोखंड. दुकानदार अँगल किलोवर विकतो, म्हणून आधी वजन काढावं लागतं आणि मग पैसे. कापताना किती वाया गेलं? वेल्डिंगच्या कांड्या किती लागल्या? विजेचे युनिट किती, आणि मजुरी काय धरायची? चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायचे. तीस सेंटिमीटरच्या चौकटीचा कर्ण ४२.४ यायला हवा. नाही आला तर स्टूल डगमगणार आणि गिऱ्हाईक ते परत आणणार. पायथागोरसचं प्रमेय शाळेच्या पुस्तकात असतं, पण इथे ते चुकलं तर कळतं. उत्तर बरोबर आहे की नाही, हे बाईंना विचारावं लागत नाही. माझ्या दृष्टीने पाबळच्या कामाचं सगळ्यात मोठं मोल यात आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची प्रयोगशाळा, सुरू करायचं ठरवलं, तेव्हा २००२ च्या सुमारास अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. याची बातमी फार झाली नाही याचं मला वाईट वाटतं. संगणकावर आराखडा करून यंत्रावर वस्तू कापणं हे तिथल्या मुलांना स्टूल बनवण्याच्या पुढची पायरी म्हणून आलं.

म्हणजे अभ्यासात कच्च्या मुलांसाठी ही सोय आहे?

नाही. हातात कसब असलेली हुशार मुलं आणि पुस्तकात रमणारी हुशार मुलं असे दोन गट आपण पाडले. ज्याला अभियंता व्हायचंय त्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही आणि जो उत्तम मिस्त्री आहे त्याला आकृती वाचता येत नाही, या दोन्ही अवस्था त्यातूनच आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून सगळ्यांना व्यवसायाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असं सुचवलं. कागदावर ते ठीक आहे. पण दहा दिवसांत कारखाना बघून येणं हे काम शिकणं नव्हे.

घरी शिकवणं कायदेशीर आहे का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. मात्र हे कर्तव्य न पाळल्याबद्दल पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरशिक्षणाला मान्यता देणारं किंवा त्याची नोंदणी करणारं कलमही त्यात नाही. थोडक्यात, गुन्हा नाही आणि परवानाही नाही. देशात अनेक कुटुंबं या मधल्या जागेत आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चार कुटुंबांनी मिळून मुलांना शिकवणं वेगळं. जागा भाड्याने घेऊन, फी लावून, चौदा वर्षांखालील वीस-पंचवीस मुलांचा वर्ग चालवला की ती कायद्याच्या नजरेत मान्यता नसलेली शाळा ठरू शकते. अशा शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्यानंतरही ती चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. अशा ठिकाणी मूल पाठवण्याआधी ‘मान्यता आहे का’ हे स्पष्ट विचारा. गोलमोल उत्तर आलं तर तिथून निघा.

मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचा विचार आहे. शाळा लांब आहे, वातावरणही चांगलं नाही.

इथे मी कठोर होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुलीच्या सुरक्षिततेसाठी म्हणून घरशिक्षण निवडू नका. पुष्कळ मुलींना घराबाहेर पडायचं, मैत्रिणी करायचं, सायकल चालवायचं कारण शाळा हेच असतं. ते कारण गेलं की घरातलं काम वाढतं आणि स्थळं येऊ लागतात. आपल्याच राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे डोळ्यांसमोर घडतं. शाळा लांब असेल तर एसटीचा पास, वसतिगृह, गावातल्या चार मुलींनी मिळून जाणं असे मार्ग आहेत. ग्रामपंचायतीला आणि शाळा व्यवस्थापन समितीला प्रश्न विचारणं हाही मार्ग आहे.

घरशिक्षण कुणी करू नये?

ज्या घरात दिवसातले तीन-चार तास मुलाबरोबर असणारं मोठं माणूस नाही, त्यांनी. शिक्षकांवर राग आला म्हणून निर्णय घेणाऱ्यांनी. तो राग खरा असेलही, पण दुसरी शाळा शोधून तो निवू शकतो. आणि ज्यांना शाळेच्या कागदाची गरज आहे, त्यांनी. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

शाळेच्या दाखल्याचं एवढं महत्त्व का सांगता?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जन्मस्थळ असतं आणि जात असते. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना अर्जदाराचा शाळेचा दाखला मागितला जातो. पुढे पडताळणीच्या वेळी वडिलांच्या, आजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधल्या जातात. ज्या घरांत सातबारा आहे, जुने खरेदीखत आहे, त्यांना इतर पुरावे सापडतात. भटक्या-विमुक्त समाजातल्या, भूमिहीन घरांतल्या मुलाकडे बऱ्याचदा शाळेच्या रजिस्टरमधली ती एक ओळ एवढाच लेखी पुरावा असतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा सगळं त्या ओळीवर उभं असतं. राज्याची शालेय शिष्यवृत्ती परीक्षाही शाळेमार्फतच देता येते, आणि पोषण आहार तर शाळेतच मिळतो.

म्हणून शाळा सोडा असा सरसकट सल्ला देणाऱ्यांशी माझं पटत नाही. तो सल्ला ज्यांना परवडतो त्यांच्याकडे तीन पिढ्यांचे कागद कपाटात असतात. डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने पोटाला चिमटा घेऊन शिकलेल्या माणसाला पदवीचा कागद प्यारा असतो, त्याला जुनाट म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. मुलाला घरी शिकवायचंच असेल तर निदान चौथी-पाचवीपर्यंत शाळेत नाव आणि नोंद राहू द्या, आणि शाळा सोडताना दाखल्यावरचं प्रत्येक अक्षर तपासून घ्या. नावातली वेलांटी चुकली तरी पुढे हेलपाटे पडतात.

दहावी-बारावी कशी करायची?

तीन रस्ते आहेत.

पहिला, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ मध्ये सुरू झाली आणि तिचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. दहावीला बसण्यासाठी किमान वय चौदा लागतं. पाच विषय उत्तीर्ण व्हायचे, त्यात किमान एक भाषा हवी. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांची मुदत आणि नऊ संधी मिळतात. एका वेळी दोनच विषय दिले आणि ते सुटले, तर ते गुण जमा राहतात. वर्षात दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे, मुख्य परीक्षा होतात. दहावी मराठी माध्यमातून देता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. गणित-विज्ञानाबरोबर चित्रकला, मानसशास्त्र, लेखाशास्त्र, हिंदुस्थानी संगीत, भारतीय संस्कृती आणि वारसा असे विषयही आहेत. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्याही आहेत.

दुसरा रस्ता, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून अर्ज भरायचा आणि मंडळाने दिलेल्या शाळेमार्फत परीक्षा द्यायची. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका इतर मुलांच्याच. फॉर्म भरायची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, त्यामुळे जून-जुलैपासूनच मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला इथे लागतोच.

तिसरा, राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ. ते तुलनेने नवं आहे. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, ज्यांना कमी गुंतागुंतीचे विषय हवेत किंवा ज्यांना दिव्यांगत्वामुळे सवलती लागतात, त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

विषय निवडताना होणारी एक गफलत सांगते. दहावीला गणित नको म्हणून चित्रकला घेतली, सोळाव्या वर्षी मुलाला विज्ञान शाखा किंवा पॉलिटेक्निक हवंसं वाटलं, की दार बंद झालेलं असतं. मुलाला थोडी जरी शंका असेल तर गणित आणि विज्ञान ठेवा.

मुक्त विद्यालयातून आलेल्या मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगला घेतात का?

घेतात. वैद्यकीय प्रवेशाबाबत मध्यंतरी गोंधळ झाला होता. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीटसाठी अपात्र ठरवलं गेलं, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती तरतूद रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो वाद मिटला. मात्र राज्याच्या कोट्यात जागा हवी असेल तर अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याची अट येते. म्हणून एनआयओएसचं अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या आणि त्या-त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका स्वतः वाचा. एजंटावर विसंबू नका.

२०१६ मध्ये मुंबईतली एक मुलगी दहावी-बारावी न करता एमआयटीत गेली, ते उदाहरण सगळे देतात. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडची पदकं होती आणि तिच्या आईने त्यासाठी आपला सगळा वेळ दिला होता. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिच्या वाटेने कुणीही जाऊ शकेल असं सांगणं प्रामाणिकपणाचं नाही.

घरी शिकणाऱ्या मुलांना मित्र मिळतात का?

चाळीत किंवा गावात राहणाऱ्यांना मिळतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मिळवावे लागतात. बालभवन, वाचनालय, कबड्डीचा संघ, आठवड्यातून दोन दिवस इतर कुटुंबांबरोबर काम, हे ठरवून करावं लागतं. मला मित्रांपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत मुलाच्या शेजारी वेगळ्या घरातलं, वेगळ्या जातीचं, वेगळा डबा आणणारं मूल बसतं. घरशिक्षणाच्या गटात सगळी कुटुंबं बहुधा सारखीच असतात. हे नुकसान भरून काढायला पालकांनी मुद्दाम बाहेर पडायला हवं.

आम्ही दोघंही नोकरी करतो. मग आमच्यासाठी काहीच नाही?

आहे, आणि तेच बहुतेकांना करण्यासारखं आहे. शाळा चालू ठेवा. दोन शिकवण्या कमी करा. मोकळ्या झालेल्या वेळात मुलाकडे घरातलं एखादं खरं, जबाबदारीचं काम पूर्णपणे सोपवा: महिन्याच्या किराण्याचा हिशेब, गच्चीतली भाजी, रविवारचा स्वयंपाक, आजीच्या औषधांच्या वेळा. ते बिघडलं तर बिघडू द्या. अरविंद गुप्तांनी काड्यापेट्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर ती कशी करायची हे मोफत बघायला मिळतं आणि मराठी पुस्तकंही आहेत. आठवड्याला एक खेळणं एवढाच नेम धरला तरी वर्षभरात मूल भौतिकशास्त्राशी मैत्री करतं.

मराठीतून शिकवावं की इंग्रजीतून?

लहानपणी विचार घरच्या भाषेतच करू द्या. ‘घरची भाषा’ म्हणजे पुस्तकी मराठी असं नाही. वारली, कोरकू, गोंडी, अहिराणी, मालवणी जी असेल ती. जिच्यात मूल भांडतं आणि गोष्ट सांगतं, ती भाषा वर्गात आली नाही तर पहिली दोन वर्षं मूल गप्प बसून काढतं आणि आपण त्याला मंद ठरवतो. फलटणला भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी वाचन शिकवण्यावर जे काम केलं, त्याचा पाया हाच होता: मुलांचं बोलणं आधी, अक्षरं त्यातून. इंग्रजी हवंच. ते चांगल्या शिक्षकाकडून, दुसरी भाषा म्हणून, रोज हवं. इंग्रजी माध्यमाचा बोर्ड असलेल्या इमारतीत बसल्याने ते येत नाही.

आता एआय सगळी उत्तरं देतं. मग मुलांनी शिकायचं काय?

निबंध, सारांश, गृहपाठाची उत्तरं ही कामं यंत्र करू लागलं आहे, हे खरं आहे. त्यामुळे उत्तर लिहून आणण्याला जी किंमत होती ती घसरली. उत्तर बरोबर आहे का हे ओळखण्याची किंमत वाढली. ते ओळखायला विषय स्वतःला यावा लागतो, म्हणून पाढे, वाचन आणि लेखन यांना सुट्टी देऊ नका. वर स्टुलाचं उदाहरण दिलं, त्याचा उपयोग इथे पुन्हा दिसतो. ज्या मुलाने स्वतः अँगल मोजलाय, त्याला यंत्राने सांगितलेलं ‘बारा किलो’ खटकतं.

माझा सल्ला असा: बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाने लिहिताना आणि गणितं सोडवताना ही साधनं वापरू नयेत. त्यानंतर मोठ्या माणसाच्या सोबतीने वापरावीत. यंत्राला विचारण्याआधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा, एवढी एक शिस्त लावली तरी फरक पडतो.

ऑनलाइन कोडिंगचा क्लास लावू का?

मुलाने मागितला तर लावा. ‘तुमचा मुलगा मागे पडेल’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याने मागितला तर लावू नका. वर्षभराचे पैसे आगाऊ आणि कर्जावर भरायला सांगत असतील तर फोन ठेवून द्या.

आमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिथे काही बदलता येईल का?

नक्की येईल. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी हे दाखवून दिलं. तिथल्या शिक्षकांनी वर्गाची जमीन, भिंती, दगड, बिया, काड्या हेच शिकण्याचं साहित्य केलं. मुलं गटात बसून स्वतः अक्षरं आणि संख्या शोधू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, त्यामागे अशा शाळांचा अनुभव होता. नंतर अनेक ठिकाणी फक्त फरशीवरची रंगीत चित्रं उचलली गेली आणि मुलांनी स्वतः करण्याचा भाग राहून गेला, हे मात्र दुःखद आहे.

पालकांच्या हातातली खरी गोष्ट म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. बऱ्याच गावांत तिची सभा सहीपुरती होते. तुम्ही सभेला जा. महिन्यातून एक दिवस गावातला गवंडी, नर्स, पशुवैद्य, शिंपीणताई, बँकेतला शिपाई वर्गात यावा असा ठराव मांडा. त्याला पैसे लागत नाहीत आणि मुख्याध्यापकांनाही बहुधा तो आवडतो.

वेगळी शाळा निवडताना काय बघावं?

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अर्धा दिवस वर्गात बसू द्याल का, असं विचारा. बसल्यावर मुलं किती बोलतात आणि शिक्षक किती, हे ऐका. चूक झाल्यावर काय होतं ते बघा. शिक्षक किती वर्षं टिकले आहेत ते विचारा, कारण शिक्षकांना पगार नीट न देणारी शाळा कितीही सुंदर बोलली तरी चालत नाही. शाळेतली झाडलोट कोण करतं, हेही विचारा. आणि सातवीतल्या कुठल्याही मुलाला वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचायला सांगा. आनंददायी शिक्षणाच्या नावाखाली वाचन कच्चं राहिलं असेल तर ती शाळा घेऊ नका.

घरी शिकवून पाहिलं, जमलं नाही. परत शाळेत घेतील का?

चौदा वर्षांपर्यंत घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देणं हे शाळेचं काम आहे. वयाचा पुरावा नाही किंवा दाखला यायला उशीर झाला, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापक तयार नसतील तर अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

नववी-दहावीला मात्र अडचण येते. वर्ग भरलेले असतात, अंतर्गत गुणांची कामं सुरू झालेली असतात आणि शाळा निकालाच्या काळजीने मागेपुढे करतात. परतायचं असेल तर सातवीच्या आत परता. ती वेळ गेली असेल तर वर सांगितलेल्या मुक्त विद्यालयांपैकी एकात नाव नोंदवा, पण मूल वर्षभर कुठल्याच नोंदीत नाही असं होऊ देऊ नका.